हैदराबादला केलेले गुडघे

आमच्या घरमालकीणबाईंकडे कुणी गप्पा मारायला आलं, की तीन मिनिटांनी त्या समोरच्याचं वाक्य मधेच तोडून विचारायच्या, "वाढवायचंय का?" नवख्या माणसाला काही कळायचं नाही. जुन्यांना कळायचं, कारण बाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेली होती. वेळ संपली की लाइनवर येऊन विचारायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. पाहुणा 'हो' म्हणाला तर चहा व्हायचा. गोंधळून गप्प बसला तर बाई उठून दार उघडायच्या.

मी परभणीहून नोकरीसाठी शहरात आले आणि सिडकोतल्या त्यांच्या घराची वरची खोली बघायला गेले. त्यांनी पगार विचारला नाही, लग्नाचं विचारलं नाही. मला आतल्या खोलीत उभं करून पेपरातली एक बातमी मोठ्यानं वाचायला लावली आणि स्वतः बाहेर ओट्यावर बसून ऐकली. मग निकाल दिला, की आवाज साफ आहे, पण जरा जास्तच प्रामाणिक आहे. खोली मिळाली. त्या शेऱ्याचं काय करायचं ते मात्र कळलं नाही.

ती दुष्काळाची वर्षं होती. शहराचं नाव तेव्हा जुनंच होतं, शहर मात्र रोज नवं होत होतं. बायपासपलीकडच्या शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटवर फ्लॅट आले, फ्लॅटच्या गच्चीवर काळ्या टाक्या बसल्या, आणि टाक्यांत पाणी नव्हतं. आमच्या गल्लीत टँकर यायचा तो बाईंच्या कृपेनं. त्या टँकरच्या माणसाला फोन लावायच्या आणि एक्स्चेंजच्या त्या थंड, गुळगुळीत आवाजात सांगायच्या, "मुख्यालयातून बोलतेय. लाइनवर राहा." मग रिसीव्हर टेबलावर ठेवून भाजी चिरायला बसायच्या. भाजी फोडणीला पडली की परत फोन उचलायच्या आणि म्हणायच्या, साहेब मीटिंगला गेले, आमच्या गल्लीचा टँकर निघाला का एवढंच विचारत होते. टँकर जेवणाआधी दारात उभा. कोणतं मुख्यालय, कोणते साहेब, हे पलीकडून कुणी कधी विचारलं नाही. मी एकदा विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मी कुणाचं नाव घेतलं का? आपण फक्त आवाज खाली ठेवायचा. बाकीचं समोरचा माणूस मनातल्या मनात स्वतःच बोलतो."

लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, असं विचारणाऱ्याला सांगायच्या, की आयुष्यभर दुसऱ्यांचे नवरा-बायको जोडून दिले, त्यांचं काय चालतं ते कानानं ऐकलंय.

मी हाडांच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होते. सर्जन गुडघे बदलायचे आणि गुडघा बदललेल्या माणसाला पुन्हा चालतं करायचं काम माझ्याकडे यायचं. त्या वर्षांत गावाकडच्या विहिरी आटल्या, तसे गावाकडचे म्हातारे शहरातल्या लेकांकडे राहायला आले. आलेच आहेत तर गुडघे करून घेऊ, असं लेकांनी ठरवलं. त्यांतलेच एक आप्पा पाटील.

आप्पा अजिंठ्याकडच्या एका गावचे मोठे बागायतदार. मोसंबीची बाग वाळली, म्हणून लेकानं त्यांना क्रांती चौकाजवळच्या फ्लॅटवर आणलं आणि दोन्ही गुडघे बदलून घेतले. ऑपरेशन उत्तम झालं. जखम भरली, एक्स-रे सुंदर, माझ्या हातांनी गुडघा छान वाकायचा. पण आप्पा पलंगावरून खाली उतरेनात. त्यांचं म्हणणं साधं होतं. झिजलं म्हणून बोअर करून, आतले पार्ट बदलून आणलेलं ट्रॅक्टरचं इंजिन त्यांनी पाहिलं होतं. आवाज करतं, तेल पितं आणि ऐन पेरणीत बसतं. पायात घातलेला पार्टही तसाच भर रस्त्यात निसटला तर काय करायचं? मी त्यांना चित्रं दाखवली, प्लास्टिकचा सांगाडा नेऊन दाखवला. ते शांतपणे ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "ताई, तुमचा गुडघा ओरिजिनल हाय. तुम्हाला नाय कळायचं."

दिवस जात होते, पायाचे स्नायू वाळत चालले होते. असंच पडून राहिले तर आप्पा पुन्हा उठायचे नाहीत, हे मला दिसत होतं. एका संध्याकाळी ओट्यावर बसून मी हे सगळं बाईंना सांगितलं आणि सांगता सांगता रडले. बाईंनी मला थोडा वेळ रडू दिलं, मग वेळ संपल्यासारखं थांबवलं आणि म्हणाल्या, उद्या मला घेऊन चल.

बाईंचे स्वतःचे गुडघे तेव्हा चांगले नव्हतेच. जिना चढताना ते कुरकुरायचे, ते मला वरच्या खोलीत ऐकू यायचं. पण आप्पांच्या फ्लॅटचे दोन मजले त्या न थांबता चढल्या. आत जाऊन खुर्चीवर बसल्या. आप्पांचं इंजिनपुराण पूर्ण ऐकून घेतलं. मग आवाज खाली घेतला.

"माझे दोन्ही बदललेत, पाटील. बरीच वर्षं झाली. सांगत नाय मी कुणाला."

मी प्लास्टिकच्या सांगाड्याकडे बघत राहिले.

आप्पांनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. म्हणाले, दाखवा. बाई अजिबात गडबडल्या नाहीत. "परक्या बाईला गुडघा दाखव म्हणायलेत. पाटलाच्या घरातलेच ना तुम्ही?" आप्पांनी मान खाली घातली. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला.

"दुखलं का लई?" आप्पांनी विचारलं.

"कुठं दुखतंय," बाई म्हणाल्या, आणि कशालाही हात न लावता खुर्चीवरून ताडकन उठल्या. उठताना गुडघ्यांनी जो आवाज केला तो माझ्या कानांना गोळीसारखा वाटला. पण बाईंना नेमक्या त्याच क्षणी खोकला आला होता.

आप्पा त्या दिवशी पलंगावरून उतरले. वॉकर धरून खिडकीपर्यंत गेले आणि खाली रस्त्यावरची रहदारी बघत बराच वेळ उभे राहिले. जिना उतरताना बाई प्रत्येक पायरीला कठडा धरत होत्या. तोंडावर मात्र अवघड नंबर लागल्याचा आनंद होता.

झालं. बाईंना नाद लागला. माझा कुठलाही पेशंट पाय टेकायला घाबरला, की त्या पातळ बदलून तयार. शहागंजातल्या एका अत्तरवाल्या चाचांकडे त्या दखनीत बोलायच्या, रिटायर्ड कारकुनाकडे इंग्रजी शब्द पेरायच्या. ऑपरेशन कुठं केलं, असं कुणी विचारलंच तर हैदराबाद. इथलं गाव सांगितलं तर लोक डॉक्टरचं नाव विचारतात, हैदराबाद म्हटलं की निजामाच्या आठवणी काढतात, असा त्यांचा अनुभव. मी घाबरायचे. खोटं उघडं पडलं तर नोकरी माझी जाणार होती. पण म्हातारी माणसं पलंगावरून उतरत होती, हेही खरं होतं. चाचा तर महिन्याभरात दुकानाच्या गल्ल्यावर जाऊन बसले आणि बाईंना वाळ्याच्या अत्तराची कुपी पाठवून दिली.

आमच्या सर्जनना याचा सुगावा लागला. माझे पेशंट बाकीच्यांपेक्षा लवकर चालतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यात हॉस्पिटलनं गुडघे बदललेल्या लोकांचा मेळावा भरवला आणि आप्पा तिथं अडून बसले, की पहिला सत्कार त्या हैदराबादवाल्या बाईंचा झाला पाहिजे. बाई वाळ्याचं अत्तर लावून आल्या. शाल घेतली, नारळ घेतला. सर्जननी कौतुकानं विचारलं, हैदराबादला कुणी केलं ऑपरेशन? अख्खा हॉल ऐकत होता. बाईंनी माइक जवळ ओढला, आवाज खाली घेतला आणि म्हणाल्या, की ते डॉक्टर फार नम्र होते, कुणाला नाव सांगू नका म्हणाले. टाळ्या पडल्या. सर्जननीही वाजवल्या, पण वाजवताना ते माझ्याकडे बघत होते.

पुढचा उन्हाळा सगळ्यांत वाईट गेला. टँकरही दोन-दोन दिवस येईना. आला तर पाणी खालच्या ड्रममध्ये, आणि तिथून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं ते हातानं, कारण मोटर जळाली होती. मी ड्युटीवर असले की बाई एकट्याच कळश्या चढवायच्या. एक दिवस मी परत आले तर त्या जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेल्या, शेजारी कळशी. मला म्हणाल्या, बसून विचार करतेय. दुपारपासून तिथंच बसल्या होत्या. त्यांना उठताच येत नव्हतं.

मी त्यांना हॉस्पिटलात नेलं. सर्जननी एक्स-रे काढायला लावला, काचेवर लावला आणि बराच वेळ पाहिला. हाडांमधली फट पार नाहीशी झाली होती. धातूचा मागमूस नव्हता. ते अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "हैदराबादच्या डॉक्टरांचं काम फारच बारीक आहे. काही दिसतच नाही."

बाई म्हणाल्या, नम्र होते म्हणून तर सांगितलं ना.

दोन्ही गुडघे बदलावे लागणार होते. ज्या बाईनं अर्ध्या शहराला या ऑपरेशनसाठी हिंमत दिली, ती ऐकल्यावर पांढरी पडली. आधी म्हणाल्या, दिवाळीनंतर. मग म्हणाल्या, संक्रांत होऊ दे. घरातल्या घरात खुर्ची ढकलत चालायच्या. शेवटी पुण्याहून त्यांचा भाचा आला. चांगला मुलगा, पण घाईचा. सोबत त्यानं एका बिल्डरलाही आणलं होतं. त्याचं म्हणणं, हे घर पाडून इथं चार मजले होतील, आणि आत्यांना पुण्यात एका वृद्धांच्या निवासात छान खोली मिळेल. चालता येत नाही तर एकट्या कशा राहणार? बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. "वाढवायचंय का?" असं विचारलंसुद्धा नाही, तेव्हा मी समजले, की त्या खरंच घाबरल्यात. तो गेल्यावर त्यांनी मला सांगितलं, की तारीख घे, पण ही गोष्ट कुणाला कळता कामा नये.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. आणि बाई पलंगावरून उतरेनात.

मी काय काय केलं. जे जे बोलून मी आजवर लोकांना उठवलं होतं, ते सगळं बोलून बघितलं. बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि मग म्हणायच्या, "आता तू आवाज खाली घेतलास. कुणाकडून शिकलीस ते माहितेय मला." शेजारच्या खाटेवरची एक आजी उत्साहानं सांगायला आली, की मला बाई काहीच दुखलं नाही. ती गेल्यावर बाईंनी माझा हात धरला.  "ती खोटं बोलतीय," त्या म्हणाल्या. "सगळेच बोलतात. मीच तर बोलत होते. मला आता कुणाचं खरं वाटणार?"  हिंमत कशी बनवतात हे आतून बघितलेल्या बाईला ती कशी द्यायची, हे मला कुठल्या पुस्तकात शिकवलं नव्हतं.

भाच्याचे रोज फोन येत होते. तो निवासातल्या खोलीचं वर्णन करायचा. खिडकीतून झाड दिसतं म्हणायचा.

अशातच आप्पा पाटील पाय दाखवायला हॉस्पिटलात आले. मी बाईंना व्हीलचेअरवर बसवून एक्स-रेला नेत होते, आणि कॉरिडॉरच्या वळणावर ते समोरच आले. पांढरं धोतर, टोपी, हातात नुसतीच मिरवायची काठी. त्यांनी बाईंना पाहिलं, मग गुडघ्यांवरच्या ताज्या पट्ट्या पाहिल्या.

बाई म्हणाल्या, जुने झिजले, म्हणून बदलून घेतले. पण आवाज साथ देत नव्हता.

"म्हंजे तवा नव्हते," आप्पा म्हणाले.

बाईंनी 'हो' म्हणून मान हलवली. आप्पांनी काठी उचलली आणि चालायला लागले. बाई त्यांच्या चालण्याकडे बघत राहिल्या. सरळ, ताठ, न अडखळता चालले होते. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा वॉर्डात हजर. शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारावी, तशा आवाजात त्यांनी जाहीर केलं, की मी भांडायला आलोय. सिस्टर धावत आल्या. मी त्यांना थांबवलं.

"तुम्ही म्हणलात, कुठं दुखतंय," आप्पा म्हणाले. "मला लई दुखलं. रात्र रात्र उशी दातात धरली. मला वाटलं, एका बाईला दुखलं नाय आन् मी गडी असून रडायलोय. कुणाला सांगायची लाज वाटली. बायकोला नाय सांगितलं, या ताईला नाय सांगितलं. तुमच्यापायी मुक्यानं सोसलं मी."

हे मला नवीन होतं. मी रोज त्यांचा पाय हातात घेत होते, आणि त्यांनी मला एकदाही सांगितलं नव्हतं.

बाई हळूच म्हणाल्या, की उठलात ना पण. आप्पा म्हणाले, उठलो, ते येगळं. त्याचा हिशेब येगळा करू. मग अचानक त्यांनी विचारलं, "तुम्हाला दुखायलंय का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, शेजारच्या आजीकडे पाहिलं. आवाज खाली घेतला नाही. "लई दुखायलंय हो," त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. इतकी वर्षं मी त्यांच्या घरात राहत होते, त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

"मग बरोबर हाय," आप्पा म्हणाले. "असंच दुखतंय. चांगलं दुखतंय, आन् मग एक दिवस दुखायचं इसरतंय. आता उठा. बसलेल्या बाईसंगं मी भांडत नाय, आमच्यात तशी रीत नाय. उभ्या ऱ्हावा, मग माझं पुढचं ऐका."

मी वॉकर पुढे केला. बाईंनी तो धरला, दात आवळले, तोंडातून एक शब्द काढला जो एक्स्चेंजमध्ये चालला नसता, आणि उभ्या राहिल्या. खोकल्या नाहीत. नव्या गुडघ्यांना आवाज नव्हता.

त्यानंतर त्यांचं जे भांडण झालं ते वॉर्डातून कॉरिडॉरमध्ये आणि कॉरिडॉरमधून जिन्यापर्यंत गेलं. आप्पा म्हणत होते, तुम्ही फसवलं. बाई म्हणत होत्या, गुडघा बघायला मागणाऱ्या माणसानं जास्त बोलू नये. आप्पा एक पाऊल मागं सरकायचे, बाईंना वाक्य पूर्ण करायला एक पाऊल पुढं यावं लागायचं. मी मागून व्हीलचेअर ढकलत होते, रिकामी. सर्जन राउंडला येत होते, ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि दोघांना वाट दिली.

आप्पा रोज येऊन भांडले. बाई घरी आल्यावर ओट्यावर येऊन भांडले. भाचा पुन्हा आला तेव्हा बाईंनी स्वतः उठून दार उघडलं आणि बिल्डरला तीन मिनिटं दिली. घर त्या असेपर्यंत उभं होतं. आता तिथं चार मजले आहेत, लिफ्टही आहे, आणि पाणी अजून टँकरनंच येतं.

बाईंच्या ऑपरेशननंतरचा हिवाळा असेल. ज्योतीनगरमधल्या एका आजींचा गुडघा झाला होता आणि त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. बाई म्हणाल्या, चल. मी त्यांना आधीच बजावलं, की या वेळी खरं बोलायचं. आता खोटं बोलायची गरजही नाही. त्यांनी अगदी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली.

आजींनी भिंतीकडे बघतच विचारलं, की दुखतं का हो फार?

"लई दुखतं," बाई म्हणाल्या.

आजींनी डोळे मिटून घेतले. खोलीतली सून माझ्याकडे रागानं बघायला लागली. मलाही वाटलं, की खरं बोलायला लावून मी चूक केली. तेवढ्यात बाईंनी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"मी तर तुमच्याहून भित्री," त्या म्हणाल्या. "मला विचारा. तारीख पुढं ढकलत होते, ऑपरेशन झालं तरी पलंग सोडत नव्हते. रडले मी, सगळ्या वॉर्डासमोर. आणि आज बघा, सिडकोतून इथवर चालत आले."

आजींनी भिंतीकडचं तोंड वळवलं. बाईंच्या पायांकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं. मग विचारलं, "चालत? एवढ्या लांबून?"

बाईंनी आवाज खाली घेतला. "सवय झाली आता."

आजींनी पांघरूण बाजूला केलं आणि पाय खाली सोडायला माझा हात मागितला. मी हात दिला आणि खिडकी बंद करून घेतली. खाली रिक्षावाला कधीचा हॉर्न वाजवत होता, बाईंनी वेटिंगला थांबवलेला.